वाळूखालचा मतदारसंघ

लोकप्रतिनिधी लोकांच्या इच्छेतून जन्माला येतो, असं शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. लोकच नसतील तर काय, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. तो माझ्यासमोर आला इथं न्यूझीलंडमध्ये, हेन्डरसनला, शेजारच्या कुंपणावरून.

शेजारच्या बाई निवृत्त शिक्षिका, आयरिश वंशाच्या. त्यांचा एक पूर्वज डब्लिनमधल्या जुन्या आयरिश संसदेत सभासद होता. ईस्टरला सगळं घराणं त्यांच्याकडे जमणार होतं आणि तेव्हा दिवाणखान्यात त्याच्या नावाची पितळी पाटी लावायचं ठरलं होतं. पाटीवर ‘लोकांनी निवडून दिलेला’ असं कोरायचं होतं. अडचण एकच होती, रिकार्टनमध्ये राहणारा त्यांचा धाकटा भाऊ. तो दर मेळाव्यात म्हणायचा, “निवडून कसला येतोय? कुणाचा तरी हुजऱ्या असणार.”

“तू खूप वाचतेस, लव्ह,” बाई मला म्हणाल्या. “जरा शोधून बघ. एकदा तरी त्याला गप्प बसलेला बघायचाय मला. पण खोटं कोरणार नाही मी. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्यात.”

दिवसभर फार्मसीत उभं राहिलं की संध्याकाळी दुसऱ्याच्या घराण्यात डोकवायला बरं वाटतं. लायब्ररीतून दोन जाड पुस्तकं आणली आणि आधी मतदारसंघ शोधला. तो दक्षिण आयर्लंडच्या किनाऱ्यावरचा होता. एके काळी तिथं भरभराटीचं बंदर होतं. पुढे खाडी वाळूनं भरली, जहाजं यायची थांबली आणि वाळू हळूहळू गावातही शिरली. रस्ते गेले, घरं गेली. उरलं एक पडकं चर्च आणि, सांगतात, एका घराचं धुराडं.

गाव गेलं तरी गावाच्या दोन जागा संसदेत शाबूत होत्या. राजानं दिलेल्या जुन्या सनदेत गाव होतं, आणि सनदेवर वाळू पडत नाही. निवडणूक लागली की आसपासचे मोजके गृहस्थ त्या धुराड्याभोवती जमायचे. जमीनदार सुचवेल ती दोन नावं वाचून दाखवायचे आणि समुद्राचा वारा झोंबायच्या आत घरी जायचे. हे पिढ्यानपिढ्या चाललं. पुढे डब्लिनची संसदच लंडनच्या संसदेत विलीन झाली आणि मतदारसंघ बंद पडला. जमीनदाराला रीतसर नुकसानभरपाई मिळाली. मतदारांचं नुकसान झाल्याची कुठं नोंद नाही.

म्हणजे भावाचं बरोबर होतं. ते बाईंना कसं सांगायचं, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी केकचा तुकडा घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी केकला हात लावला नाही. “मग मतं किती पडली त्याला?”

“मोजलीच नसतील. विरोधात कुणी उभंच राहायचं नाही.”

त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. पडलेला चेहरा बघवेना, म्हणून मी आमच्या मराठी मंडळाचं उदाहरण दिलं. तिथंही कुणी उभं राहत नाही. वार्षिक सभेत नवे पदाधिकारी निवडायचा विषय निघाला की सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागतात. मग जो चहा बघायला आत गेलेला असतो, त्याचं नाव कुणीतरी सुचवतं, दुसरा अनुमोदन देतो आणि तो ट्रे घेऊन बाहेर येतो तेव्हा टाळ्या वाजतात. माझा नवरा असाच दोनदा सेक्रेटरी झालाय.

“आणि तो काय म्हणतो?”

“बिनविरोध निवडून आलो म्हणतो. गावाला फोन करूनही तसंच सांगितलं.”

बाईंनी बशी पुढे ओढली. “बिनविरोध,” त्या सावकाश म्हणाल्या. “हे तर खरंय ना?”

“अगदी खरंय.”

ईस्टरला आम्हालाही बोलावणं होतं. दिवाणखान्यातल्या जुन्या फायरप्लेसवर पाटी चमकत होती. खोली गरम करायला हीट पंप आल्यापासून ती फायरप्लेस शोभेपुरतीच आहे. सगळे तिच्याभोवती उभे राहिले. भावानं चष्मा लावून ‘बिनविरोध निवडून आलेला’ हे दोनदा वाचलं आणि माझ्याकडे वळला.

“तू शोधलंस म्हणे. खरंय हे?”

“शब्द न् शब्द.”

“एकही माणूस विरोधात नाही?”

“त्या गावात एकही नाही.”

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. “मग मानला पाहिजे म्हाताऱ्याला,” म्हणाला आणि पुढं काही बोलला नाही. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कपात चहा ओतला.

चहानंतर पुढच्या मेळाव्याचा अध्यक्ष ठरवायचा विषय निघाला. सगळे आपापल्या जँडल्सकडे, म्हणजे इथल्या चपलांकडे, बघायला लागले. बाईंनी खिडकीतून बाहेर नजर टाकली, एक नाव सुचवलं, आणि भावानं अनुमोदन दिलं. माझा नवरा तेव्हा मागच्या अंगणात बार्बेक्यूवर सॉसेज उलटत होता. आमचं त्या घराण्याशी काही नातं नाही.