चार दहाची बस

शहराचं रेल्वे स्टेशन आणि बसस्थानक एकाच छपराखाली आलं, त्याला सहा वर्षं झाली होती. फरशी एक, पंखे तेच, पाण्याचा नळही एकच; पण दोन्हीकडची वेळापत्रकं मात्र अबोला धरलेल्या जावांसारखी. रेल्वेगाडी चार वाजून दोन मिनिटांनी यायची, डोंगराकडची बस चार दहाला सुटायची. कागदावर सगळं झकास. गाडी जरा रखडली, की धावत आलेल्या माणसांच्या वाट्याला नुसता बसचा धूर. पुढची बस थेट साडेसातला.

ही बस सोडायचं काम घड्याळताईंचं. आधी त्या कंडक्टर होत्या. चौदा वर्षं चालत्या गाडीत उभं राहून गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा खात्याने त्यांना नियंत्रकाच्या केबिनमध्ये बसवलं. ड्रायव्हरच्या लॉगशीटवर त्यांची सही झाल्याशिवाय बस हलत नसे, आणि ती सही कधी मिनिटभर आधी नाही की नंतर नाही. त्यावरून ड्रायव्हरांनी चिडवायला ठेवलेलं हे नाव. त्यांना ते आवडायचं, हा भाग वेगळा.

केबिनसमोरच्या बाकावर एक बाई दिसू लागल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी. मांडीवर पिशवी, हाताला कापसाची पट्टी. बस चुकली, की साडेसातपर्यंत तिथेच, डोळे मिटून. तिसऱ्यांदा असं झालं, तेव्हा ताई बाहेर आल्या.

"अहो, आधीच्या गाडीने का येत नाही?"

"मोठ्या दवाखान्यात मशीनवर असते हो. रक्त धुतात. ते उठवतील तेव्हाच उठायचं," बाई म्हणाल्या. मग हसून, "तुमचा बाक चांगला आहे पण. पाठ टेकता येते."

ताई केबिनमध्ये परतल्या. त्या दिवशी त्यांना चहा गोड लागला नाही.

पुढच्या मंगळवारी चार दहा वाजले. केबिनच्या मागच्या खिडकीतून रेल्वेगाडी दिसत होती, सिग्नलपाशी अडकलेली. ड्रायव्हरभाऊंनी लॉगशीट पुढे केलं. ताईंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"काय झालं ताई? शाई संपली?"

"थांबा जरा."

"तुम्ही म्हणताय? थांबा?" ड्रायव्हरभाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. दोघांपैकी कोण बिघडलंय, ते त्यांना कळेना.

बसमधली माणसं कुरकुरू लागली. एकाने खिडकीतून डोकं काढून खात्याचा उद्धार केला. ताई जागच्या हलल्या नाहीत. अकरा मिनिटांनी जिन्यावरून माणसं उतरली. नऊ जण धावत, आणि दहाव्या त्या बाई, सावकाश. त्या चढल्यावर सही झाली.

दोन दिवसांत डेपो मॅनेजरांनी लेखी खुलासा मागवला. घरी ताईंचे यजमान म्हणाले, "लिही की टायर बघत होतो. कोण विचारतंय?"

शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "खरं लिही गं. खोटं लिहिलंस, तर ते जन्मभर पाठ ठेवावं लागेल. तुला भाजीत मीठ घातलेलं लक्षात राहत नाही."

ताईंनी खरं लिहिलं. एवढ्यावर न थांबता महिनाभर वहीत टिपलं: गाडी किती वाजता आली, किती जणांची बस हुकली. मग ती वही घेऊन त्या मधला हॉल ओलांडून स्टेशन मास्तरांच्या खोलीत गेल्या. सहा वर्षांत ती साठ पावलं बसवाल्यांपैकी कोणी चाललं नव्हतं.

मास्तर वही वाचून ओशाळले. "आमचा फोन वरच्या ऑफिसला जातो हो. शेजारी जातच नाही."

"म्हणून तर पायी आले."

त्यांनी ताईंना बसायला खुर्ची दिली, आणि गाडी खरोखर किती वाजता पोचते, ते वर्षभराच्या नोंदींवरून काढून सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं.

डेपो मॅनेजरांनी ताईंचा खुलासा आणि मास्तरांचा कागद, दोन्ही वाचले. "नियम मोडलात, ताकीद द्यावीच लागेल," ते म्हणाले, आणि ताईंच्या फायलीत ती लागली. चोवीस वर्षांतली पहिलीच. ताईंना ते लागलं. पण वेळापत्रकाचा प्रस्तावही त्याच हाताने वर गेला, आणि तीन महिन्यांनी बसची वेळ चार पंचवीस झाली.

नव्या वेळेच्या पहिल्या दिवशी रेल्वेगाडी, कधी नव्हे ती, बरोबर चार वाजून दोन मिनिटांनी आली. माणसं बसमध्ये बसून घामाघूम झाली.

"कुठल्या दीडशहाण्याने ही वेळ ठरवली?" एक गृहस्थ केबिनपाशी येऊन कडाडले.

"बघते हं, विचारून," ताई म्हणाल्या, आणि खाली मान घालून हसू दाबत राहिल्या. बाकावरच्या बाई केव्हाच बसमध्ये खिडकीशी बसून पेंगत होत्या.