भिंतीवर उतरलेला निरोप

फुशारकी मारायची माझी हौस मला नडली. कोहक्यात आमच्या गल्लीत मॅच दाखवणाऱ्या ॲपचा वर्षाचा प्लॅन घेतलेला मी एकटाच. म्हणून विहाराच्या हॉलातल्या प्रोजेक्टरला माझाच मोबाईल जोडायचा, असं मीच चारचौघांत जाहीर केलं होतं. मोबाईलवर जे येईल ते सगळं भिंतीवरही दिसेल, हे काही डोक्यात आलं नाही.

सामना ऑस्ट्रेलियात, त्यामुळे दुपारचा. खिडक्यांना चादरी लावून सगळी गल्ली दाटीवाटीनं बसली होती. पहिल्या रांगेत बाबा. जन्मभर रोलिंग मिलमध्ये धोक्याच्या पाट्या वाचून त्यांना दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय लागलेली. ओव्हर संपली की भिंतीवर जाहिरात यायची आणि बाबा ती वाचायचे, सिमेंटपासून बनियनपर्यंत. लोक हसायचे. एरवी मीही हसलो असतो.

बाबांच्या मानेतल्या गाठीचा तुकडा नागपूरला तपासायला दिला होता. साधी सूज आहे, असं त्यांना आणि आईला सांगून ठेवलं होतं. रिपोर्ट माझी धाकटी बहीण आणणार होती. मॅच तोवर आटोपेल म्हणून मी तिला पाचनंतर मेसेज करायला सांगितलं. पण तिकडे पाऊस आला आणि खेळ थांबून राहिला. आता पाच वाजत आले होते आणि तीन ओव्हर बाकी होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी उठून मोबाईलला हात लावला. चित्र अडकलं आणि सगळा हॉल अंगावर आला.

"हात नोको लावू बे! शेवटच्या टायमाले काऊन मस्ती करून राहिला?"

मला ढकलत नेऊन पुढे भिंतीपाशी बसवलं. खरं कारण सांगायची सोय नव्हती, बाबा दोन हातांवर होते. लोक बॉल मोजत होते, मी घड्याळ बघत होतो. बहिणीचा राग येत होता, स्वतःचा त्याहून जास्त.

शेवटची ओव्हर सुरू झाली आणि भिंतीवर तिच्या मेसेजची पांढरी पट्टी उतरली. मी भिंतीलगतच्या ओट्यावर चढून तिच्यासमोर उभा राहिलो. अक्षरं माझ्या शर्टावर पडली.

बाबांनी सवयीनं वाचायला सुरुवात केली. "दादा, रिपोर्ट चांगला नाही आला. बाबाले..."

ते थांबले. 'सांगू नोको' एवढंच राहिलं होतं.

"हो बाजूले," बाबा म्हणाले. "लोकायले दिसून नाही राहिलं."

मी बाजूला झालो. आपण जिंकलो. दोनचार टाळ्या वाजल्या आणि थांबल्या. मग जाहिरात लागली, ठळक अक्षरांत. मी बाबांकडे बघत राहिलो. त्यांनी ती वाचली नाही.

"चाल घरी," ते उठत म्हणाले. "तुह्या मायले मीच सांगतो. तू मधात बोलू नोको."