मामंजींच्या जागेतलं गाजरगवत

लग्न होऊन मी अकलूजहून सोलापुरात आले तेव्हा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. माहेरी कालव्याचं पाणी आणि उसाची शेती. तण दिसलं की खुरपं घ्यायचं, एवढंच मला ठाऊक. सासरी घरामागे थोडी मोकळी जागा होती. तिथं जास्वंद, लिंबू, चार वांगी, आणि मधूनमधून घोळ, तांदुळजा, केना, आघाडा, वाटेल ते माजलेलं. पहिल्याच आठवड्यात मी खुरपं मागितलं, तर सासूबाई हसून म्हणाल्या, आधी यांना विचार.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गिरणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी मला शांतपणे सांगितलं, की दुष्काळात हौसेनं लावलेलं सगळं जळालं. जास्वंद आणि लिंबू नंतरचे. ही रानटी रोपं मात्र सांडपाण्यावर तगली, आणि घरात कितीतरी दिवस घोळ घालून डाळ शिजली. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, आपणहून उगवलेलं काही उपटायचं नाही. मला ते पटलं नाही. पण नवी सून, गप्प बसले. पुढं ताजा तांदुळजा खुडून आणायची सवय लागली तसं पटलंही.

दुसऱ्या पावसाळ्यात एक नवंच रोप आलं. पानं गाजरासारखी, फुलं बारीक पांढरी. मामंजींनी त्याला कौतुकानं तांब्याभर पाणी घातलं. वर्षभरात ते कमरेएवढं होऊन सगळीकडे पसरलं, आणि त्याच्याखाली घोळ शोधून सापडेना. त्याच सुमारास मामंजींच्या मानेवर, हातांवर, पापण्यांवर चट्टे उठले. खाजवून रक्त यायचं. डॉक्टरांनी विचारलं, घराजवळ गाजरगवत आहे का? मामंजी नाही म्हणाले. त्यांना ते नावच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी पानं-फुलं कशी असतात ते सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, आहे.

घरी येताच मी सांगितलं, उद्या ते काढणार.

"बेडा," मामंजी म्हणाले. नको. राग आला की ते कानडीवर जात. मग मराठीत म्हणाले, "आज हे काढशील, उद्या आघाडा काढशील. थांबणार कुठं?"

"तुम्ही सांगाल तिथं थांबेन, मामंजी. पण हे राहणार नाही."

त्यांच्यासमोर मी असं पहिल्यांदाच बोलले. पण शब्द मागे घेतला नाही.

सकाळी हातांना जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या, नाकातोंडावर पदर बांधला आणि एकेक रोप मुळासकट ओढत गेले. मामंजी दारात उभे होते. दुपारी त्यांनी काठीनं तो ढीग विसकटून पाहिला. त्यात एक आघाडा निघाला. ते काठी त्यावर टेकवून उभे राहिले. मी तो उचलून पुन्हा लावला, पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत तो मान टाकून पडला. त्यानंतर माझ्याकडून तशी चूक झाली नाही.

तीन वर्षं लागली. पाऊस पडून गेला की नवी रोपं यायची, ती फुलावर यायच्या आत उपटायची. शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून बी उडून येत राहिलं, तेव्हा मालकाला निरोप पाठवून मी तिथंही शिरले. दुसऱ्याच्या जागेत कशाला राबतेस, असं शेजारणींनी विचारून पाहिलं. थोरलीच्या वेळी सातव्या महिन्यात वाकता येईना, तर नवऱ्याला कामाला लावलं.

मामंजींची कातडी पूर्वीसारखी कधीच झाली नाही. उन्हात गेले की मान लाल व्हायची. पण त्यांना झोप लागू लागली, संध्याकाळी मागच्या पायरीवर बसता येऊ लागलं.

उपटायला लागल्यापासूनच्या चौथ्या पावसाळ्यात त्यांनी मला हाक मारून बोलावलं. जास्वंदीच्या बुंध्याशी बोटभर उंचीचं गाजरगवत आलं होतं.

"हे तुझ्या नजरेतून सुटलं," ते म्हणाले.

शेजारीच केना माजून वांग्यांत घुसला होता. मी विचारलं, हाही काढू का?

"त्याला राहू दे."

मी पदर खोचला, हाताला फडकं गुंडाळलं आणि तेवढं एक रोप उपटलं.