कॉइलमास्तरांच्या घरचं पाणी

गल्लीत त्यांना सगळे कॉइलमास्तर म्हणत. वीस वर्षं गिझर दुरुस्त करत आलेला माणूस. गिझर उघडला की कॉइलवर चढलेला पांढरा थर ठोकून पाडायचा आणि त्या घरच्या बाईला ऐकवायचं, "हा पाण्यातला क्षार. साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर डाग पडतात, हाताला भेगा पडतात, ते यानेच. क्षार काढून घेणारा सॉफ्टनर बसवा. साबण निम्मा लागेल, कॉइलही टिकेल." हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

घरी मात्र साहेबांचा रुबाब निराळा. जेवायला बसले की आधी ग्लास उजेडाकडे धरायचे. "अगं, पुन्हा डाग! जरा हात चालव की." बायको मुकाट्याने ग्लास परत घासायची. बोटांच्या भेगांना मलम लावून ती पुन्हा मोरीवर बसायची. आणि घरच्या गिझरची कॉइल? ती दरवर्षी जळायची. पिशवीत नवी असायचीच, दहा मिनिटांत बदलून मास्तर मोकळे. गिऱ्हाईकाच्या घरी दिसणारा क्षार स्वतःच्या घरी त्यांना कधी दिसलाच नाही.

परवा एका घरी त्यांनी सॉफ्टनर बसवला. नेहमीप्रमाणे दोन बाटल्या भरल्या, एकीत जुनं पाणी, दुसरीत नवं. दोन्हींत साबणाचे थेंब टाकून हलवल्या. एकीत गढूळ साय धरली, दुसरी फेसाने काठोकाठ भरली. घरातल्या सासूबाई बघत राहिल्या. मग सुनेजवळ गेल्या आणि तिचे खरखरीत हात हातात घेतले. "पोरी, सहा वर्षं मी तुला कामचुकार म्हणत आले गं. चुकलं माझं."

मास्तर मान खाली घालून पाना शोधू लागले. पाना हातातच होता. लाजेने त्यांचे कान तापले होते. ही म्हातारी तरी अजाणतेपणी बोलली होती. आपलं काय?

रविवारी त्यांनी स्वतःच्या घरी सॉफ्टनर जोडला, त्याला लागणारं मीठ भरलं. दुपारी बायको भांडी घासायला बसली आणि फेस मनगटापर्यंत आला. तिला हसूच फुटलं. ग्लास आरपार लखलखत होता.

"अहो, म्हणजे हे पाण्यामुळे होत होतं?"

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

'परवा' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर होता. मास्तरांनी तो गिळला. "धंद्यात पडलो त्याच वर्षी."

तिचं हसू थांबलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुसले, ग्लास पाण्याने भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"बघा, आहे का कुठे डाग?"

मास्तरांनी ग्लास उचलला. उजेडाकडे धरायला मात्र हात वर जाईना.