चुरीबाईंची प्रतीक्षा यादी

चुरीबाई कुणाच्याही घरी गेल्या की पुढच्या दारानं आत शिरायच्या, "पाय धुवायला पाणी कुठं?" असं विचारायच्या आणि कुणी काही बोलायच्या आत मागच्या दारानं बाहेर पडलेल्या असायच्या. घरातले पुरुष पुढं चटई अंथरत असायचे, मी त्यांच्याशी भाताच्या आणि पावसाच्या गप्पा मारत बसायचो, आणि बाई मागं चुलीपाशी किंवा पाण्याच्या हंड्यापाशी उभ्या राहून घरच्या बाईशी बोलत असायच्या. थोड्या वेळानं पदराला हात पुसत पुढं आल्या की समजायचं, काम झालं.

काम गृहभेटीचं होतं. बोईसरच्या जरा बाहेर आमची निवासी शाळा आहे. सहावीपासून मुलं घेते. जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त येतात आणि फी माफीच्या जागा तर मोजक्याच. त्या कुणाला द्यायच्या ते ठरवण्यासाठी प्रवेश समितीतलं कुणीतरी घर पाहून येतं. ज्यांना जागा मिळत नाही त्यांची नावं प्रतीक्षा यादीत जातात. चुरीबाई किनाऱ्याकडच्या, चिकूची वाडी असलेल्या घरातल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना समितीवर कुणी घेतलं मला माहीत नाही, पण घेणाऱ्याला पुढं पश्चात्ताप झाला असणार. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझ्याकडे मोटारसायकल आहे. यातल्या दुसऱ्या पात्रतेवर माझी त्यांच्या दिमतीला नेमणूक झाली होती. मागं एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घट्ट धरून त्या बसायच्या आणि म्हणायच्या, "मास्तर, या रस्त्यावरचे सगळे खड्डे तुमच्या ओळखीचे दिसतात. प्रत्येकाला भेटून जाता."

प्रतीक्षा यादी त्या ऑफिसबाहेरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावायच्या. एकदा पालघरच्या एका वजनदार माणसाचा फोन आला, आमच्या भाच्याचं तेवढं वर सरकवा. बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सरकवते की. तुम्ही फक्त येऊन फळ्यासमोर उभे राहा. वरच्या मुलांच्या आईबापांना मी बोलावते. का सरकवलं ते तुम्ही त्यांना समजावून सांगा." तो माणूस आला नाही. भाचा होता तिथंच राहिला.

रंजना वरठाचं प्रकरण मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बेटेगावच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा. प्रवेश परीक्षेत पोरीनं उत्तम गुण मिळवले होते. तिच्या घरी पहिली भेट द्यायला गेले होते समितीतले देसाईसाहेब, तारापूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी. माणूस सरळ, दिसलं ते लिहिणारा. त्यांनी लिहिलं: दारात मोटारसायकल, घरात टीव्ही, बसायला नव्या खुर्च्या, जेवायला कोंबडी. फी माफीची गरज नाही.

बाईंनी समितीत विचारलं, "साहेब, टीव्ही चालू होता?"

"नाही, बंद होता."

"घरात वीज होती?"

साहेबांनी आपला अहवाल पुन्हा चाळला. मग म्हणाले, "ते काही पाहिलं नाही बुवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाड्यावर. बाई नेहमीप्रमाणे मागच्या दारानं बाहेर. या वेळी मीही मागोमाग गेलो. रंजनाची आई भांडी घासत होती. बाईंनी विचारलं तसं तिनं हसत हसत सगळं सांगून टाकलं. खुर्च्या बचत गटाच्या, टीव्ही दिराचा, मोटारसायकल पलीकडच्या घरातली, कोंबडी सासूची. शाळेचे साहेब घर बघायला येणार म्हटल्यावर, मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी अख्ख्या पाड्यानं तयारी केली होती.

"घर बरा दिसला नाय तं पोरगीला कोन घेल?" ती म्हणाली.

घर जितकं चांगलं दिसेल तितकी पोरीची जागा दूर जाते, हे त्या माउलीला कोण सांगणार? बाईंनीही सांगितलं नाही. "कोंबडी मला नाही मिळाली," एवढंच म्हणाल्या आणि तिला हसवून बाहेर आल्या.

अहवाल बदलायचा तर वडिलांनी समितीपुढं यायला हवं, असं ठरलं. काशिनाथ धुतलेला सदरा घालून आला. देसाईसाहेबांनी विचारलं, त्या वस्तू तुमच्या होत्या की दुसऱ्याच्या? तो मान खाली घालून म्हणाला, "आमचाच हाय सगला." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पाड्यानं विश्वासानं दिलेल्या वस्तू चारचौघांत परक्याच्या म्हणायला त्याची जीभ रेटेना. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र दुसरंच विचारलं.

"काशिनाथ, दिवाळीनंतर घरात कोण असतं?"

"कोन नाय. कुलूप असते."

"कुठं जाता?"

"वीटभट्टीवर. भिवंडीकडं."

"आणि रंजना?"

"ती पन. कच्च्या विटा उलट्या करते, सुकायला."

देसाईसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि स्वतःच्या हातानं आपला शेरा खोडला. तेव्हापासून गृहभेटीत आम्ही घरातल्या वस्तू लिहायचं सोडलं. दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं का, एवढं विचारतो.

पण या सगळ्यात वेळ गेला आणि माफीच्या जागा भरल्या. रंजना यादीत दुसरी राहिली. पहिली होती सालवडची एक मुलगी, जिचा बाप कामाला होता तो कारखाना बंद पडला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक मूल परत आलं नाही आणि एक जागा सुटली. मी बाईंना म्हणालो, रंजनाची गरज मोठी आहे, चूकही आपलीच होती. बाईंनी फोन उचलला आणि सालवडला लावला. पलीकडून बाप ओरडला, "मॅडम, सच में?"

"हां, सच में. चादर लेके आना," बाई म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला. मी तो लपवला नाही. त्या म्हणाल्या, "मास्तर, त्या पोरीचं घर तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून तिची गरज तुम्हाला लहान वाटते. चला, गाडी काढा."

बाईंची एक पद्धत होती. जागा मिळाली हे त्या फोनवर सांगायच्या. मिळाली नाही हे सांगायला स्वतः घरी जायच्या, मग घर डोंगरात असो की दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर. "हो सांगायला फोन पुरतो, नाही सांगायला जावं लागतं," म्हणायच्या. पाड्यापाड्यांवर हे माहीत झालं होतं. निकालाच्या दिवसांत चुरीबाई वाटेवर दिसल्या की लोक समजून जायचे.

आम्ही पोचलो तेव्हा काशिनाथच्या दारात गाठोडी बांधून ठेवलेली होती. मुकादमाची गाडी संध्याकाळी येणार होती. रंजनानं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि ती घरात गेली. बाईंनी तिला बाहेर बोलावून समोर बसवलं. "तुझा नंबर आला नाही. जूनमध्ये सातवीला यादीत पहिली तू. पण मधे शाळा सुटली तर नाव जाईल, असा नियम आहे."

म्हणजे भट्टीवर जाता येणार नाही. मग राहायचं कुठं? मला वाटलं, बाई आता तिला आपल्या घरी नेतील. त्यांनी तसं सुचवलं नाही, जमलेल्या शेजाऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. शेवटी शेजारची म्हातारी म्हणाली, "आमच्यात राहील. खुर्च्या देल्या तवा कोनी विचारला नाय, पोरीला काय विचारते?"

परतताना बेटेगावला आम्ही चहाला थांबलो. बाईंनी कप तसाच ठेवला. "मला काय हौस आहे का हो, नाही सांगत फिरायची?" त्या म्हणाल्या. "पण गेलं नाही तर पोरीला वाटतं, आपल्याला कुणी पाहिलंच नव्हतं." माझा राग कधीच गेला होता. बाईंबद्दल मला इतकं प्रेम पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात चुरीबाई वाडीतल्या घरीच झोपेत गेल्या. जूनमध्ये यादीचे फोन करायचं काम माझ्याकडे आलं. पहिला फोन मी काशिनाथला लावला. नुकताच भट्टीवरून परतला होता. मी आनंदानं बातमी सांगितली. तो हसला.

"आमाला ठाव हाय, मास्तर. पोरगी चार दिस वाटेवर नजर लावून बसली हाय. बाई काय येताना दिसल्या नाय. मंग आमी बोललो, बाई आल्या नाय म्हनजे काम झाला."

मी "हो, झालं" म्हणालो आणि फोन ठेवला. बाई का दिसल्या नाहीत ते फोनवर सांगितलं नाही. मग मोटारसायकल काढली आणि पाड्याकडे निघालो.