पायलटाचा एक शब्द

पेडण्याच्या स्टँडवरचा तो पायलट, म्हणजे मोटरसायकलवर भाड्याने माणसं नेणारा, एकाच इंग्रजी शब्दावर जगतो. चहात साखर सेट, ब्रेक सेट, भाचीचं लग्नही सेट. माझी बायको दवाखान्यात जायला मागे बसली की विचारायचा, "काकी, सेट?" ती कंबर धरून म्हणायची, "सेट रे पुता, चल."

ती गेली. आता मी बसतो तर मेला काही विचारत नाही, नुसती किक मारतो. ते मला खुपतं. काल ओरडलो, "तोंड शिवलंय काय रे? विचार की!"

त्याने गाडी बंद केली. हळूच म्हणाला, "काका, सेट?"

मला हो म्हणवेना. उतरलो आणि तरातरा चालायला लागलो. वळणावर मागे बघितलं, तर तो बंद गाडी ढकलत माझ्यामागून येत होता.