तापमापीताई

कारखान्यात तिला सगळे तापमापी म्हणायचे. म्हणोत बापडे! यंत्रातली चिप दिसली की ताई बोटाची मागची बाजू टेकवणार आणि डॉक्टरीणबाईच्या थाटात सांगणार, "हिला कणकण आहे."

श्वास देणाऱ्या यंत्राचा मेंदू तिच्या हाताखाली होता. एका चिपवर चार कोअर, म्हणजे एका खोलीत राबणारे चार गडीच म्हणा ना. काम वेळेवरच व्हायला हवं. श्वास उशिरा पोचला तर काय कपाळाला लावायचा? जुन्या यंत्रात सगळं ओझं पहिल्या कोअरवर. तो बिचारा तापून तापून अकाली म्हातारा व्हायचा आणि बाकीचे तिघे मजेत! ताईला हा अन्याय बघवेना. तिने चौघांत कामाच्या पाळ्या लावल्या, रतीभरही फरक न ठेवता. साहेबसुद्धा खूश झाले.

मग काय, तेच घरी. आईच्या पायाचं ऑपरेशन झालेलं. एकटीने उठायचं नाही, पडलीस तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ताईने स्वतःसकट चारही भावंडांच्या पाळ्या लावल्या. जागरण सारखं, धावपळ सारखी, कुरकुरायला जागाच नाही!

झालं काय, चौघंही सारखीच दमली आणि एका दुपारी एकदमच गारद झाली. पाळी ताईची, आणि ताई भिंतीला टेकून घोरतेय. आई पाण्यासाठी हाका मारून कंटाळली आणि स्वतःच उठली. पेला खणकन पडला तेव्हा कुठे ताईचे डोळे उघडले. आई पलंगाशी लटपटत उभी! ताईने झेप घेऊन तिला धरलं.

"अगं बाई! यंत्रातही मी हेच करून ठेवलंय," ती पुटपुटली. "चौघं सारखे झिजले, तर एकाच दिवशी मान टाकतील. एकाला ताजं राखायलाच हवं."

आवाजाने भावंडं धावत आली होती. "एवढं कळायला एवढं शिकलीस होय गं?" आई बसता बसता म्हणाली. मग तिने बोटाची मागची बाजू ताईच्या कपाळाला टेकवली. "हिला कणकण आहे. पहिली सुट्टी हिला."

"पण माझी पाळी..."

"गप! जा, झोप."

ताईला रडूच फुटलं. सगळ्यांचा ताप बघता बघता तिचा स्वतःचा बघायचा राहूनच गेला होता. धाकट्याने खुर्ची आईजवळ ओढली आणि ताई निमूट आत झोपायला गेली.